एकेचाळीस वर्षे एकाच कलामंदिरात

शिवराज्याभिषेकाचे जे दृश्य मराठी माणसाच्या मनात घर करून आहे, त्याच्या घडणीत रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कुंचल्याचा मोठा वाटा आहे. चित्र घरोघरी पोचले; चित्रकाराचे नाव मात्र मागे पडले. हा चित्रकार पस्तीस वर्षे शिक्षकही होता, याची आठवण तर त्याहून पुसट झाली आहे.

धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. शिक्षणाची पद्धत मात्र युरोपीय होती. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन, नंतर समोर बसलेल्या व्यक्तीवरून अभ्यास, छायाप्रकाश आणि यथादर्शन, असा तो क्रम असे.

धुरंधर यांनी ही विद्या पूर्णपणे आत्मसात केली आणि ती आपल्या भोवतालच्या जीवनाकडे वळवली. नऊवारी नेसलेल्या स्त्रिया, लग्नसमारंभ, मुंबईच्या रस्त्यांवरील नाना जातिधर्मांची माणसे, पुराणकथा आणि मराठ्यांचा इतिहास हे त्यांचे विषय झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे किंकेड यांच्या दख्खनी कहाण्या आणि ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक यांसाठी त्यांनी चित्रे काढली. त्यांची पोस्टकार्डेही लोकप्रिय होती.

१८९६ मध्ये ते जे. जे. मध्येच शिक्षक झाले आणि १९१० मध्ये हेडमास्तर. सावळाराम हळदणकर यांच्यासारखे नामवंत चित्रकार या संस्थेत घडले, तो हाच काळ. हळदणकरांनी १९०८ मध्ये स्वतःची कलासंस्था काढली आणि ते शिक्षण पुढच्या पिढीकडे नेले. नवी दिल्लीच्या सचिवालयात जे. जे. च्या कलावंतांनी भित्तिचित्रे रंगवली, तेव्हा विधी सदस्यांच्या दालनातील न्यायदानाची चित्रे धुरंधर यांच्याकडे होती.

तरीही एक मर्यादा त्यांच्या वाट्याला आलीच. ग्रिफिथ्स, सेसिल बर्न्स, ग्लॅडस्टन सॉलोमन असे संस्थेचे प्रमुख विलायतेहून येत राहिले. १९२७ मध्ये सरकारने धुरंधर यांना 'रावबहादूर' किताब दिला. पण संचालकाच्या खुर्चीवर ते बसले ते निवृत्तीच्या तोंडावर, तेही प्रभारी म्हणून. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून तेथे काढलेल्या काळाच्या आठवणी त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या पुस्तकात लिहिल्या. ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

मग विस्मरण का झाले? कलकत्त्यात ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रेरणेने स्वदेशी शैलीची चळवळ उभी राहिली होती. तिच्या दृष्टीने मुंबईची वास्तवदर्शी चित्रकला म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण होते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपलाही ती शैली कालबाह्य वाटली. या दोन्ही प्रवाहांच्या मध्ये धुरंधर यांची पिढी झाकोळली गेली. त्यांच्या कन्या, चित्रकार अंबिका धुरंधर यांनी मात्र वडिलांचा वारसा जपला.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधर यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा या उपेक्षेचा फेरविचार सुरू झाला. त्यांचे तंत्र परके होते हे खरेच. मात्र त्या तंत्राने त्यांनी जे टिपले, ती माणसे, वेशभूषा आणि चालीरीती अस्सल येथल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र कसा दिसत होता, हे जाणून घ्यायचे असेल तर आजही त्यांच्या चित्रांकडे वळावे लागते.