रोजकीर्द आणि खतावणी एकाच वहीत

सकाळी दहाला एसी तत्काळचं बुकिंग उघडतं आणि एकाच बर्थवर अनेकांच्या उड्या पडतात. त्या घडीला संगणकाकडून अपेक्षा मोजक्याच, पण तिथे चुकून चालत नाही. बर्थ एकालाच मिळावा. पैसे कापले गेले तर तिकीट निघावं. तिकीट निघत नसेल तर सगळा व्यवहार झालाच नाही असं धरलं जावं. या कामाची बांधणी मागच्या लेखांकात पाहिली.

आता त्याच आकड्यांकडे वाणिज्य विभागाचा अधिकारी पाहतो. त्याचा प्रश्न असतो, गेल्या तीन पावसाळ्यांत राजधानीचे थ्री-टियर एसीचे किती बर्थ रिकामे गेले? त्यासाठी लाखो नोंदी चाळायच्या. हे चाळणं ऐन दहा वाजता, त्याच यंत्रावर सुरू झालं तर तिकिटासाठी ताटकळणाऱ्यांची काय गत होईल, ते सांगायला नको.

पेढीवर दिवसभर रोजकीर्द लिहायची आणि सवडीनं तिची खतावणी करायची, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत. संगणकवाले फिरून तिथेच पोहोचले. आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी 1988 मध्ये धंद्याच्या माहितीचं वेगळं कोठार मांडलं. 1992 मध्ये बिल इन्मन यांच्या पुस्तकानं ‘डेटा वेअरहाऊस’ हे नाव सर्वतोमुखी केलं. दिवसभराचे व्यवहार रात्री तिकडे उतरवायचे आणि प्रश्न तिथेच विचारायचे.

या व्यवस्थेला आज नावं ठेवण्याची फॅशन आहे, पण तिनं चोख काम केलं. 2004 मध्ये फ्लोरिडाकडे फ्रान्सिस नावाचं वादळ निघालं होतं. वॉलमार्टनं काही आठवड्यांपूर्वीच्या चार्ली वादळाच्या वेळची विक्री तपासली, तेव्हा वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्स नेहमीच्या सातपट खपतात असं दिसलं आणि त्यांचे ट्रक तिकडे रवाना झाले. इथे ताजी आकडेवारी कुणाला हवी होती? मागच्या महिन्याची पुरली.

विमान कंपन्यांचं मात्र तेवढ्यावर भागेना. अमेरिकन एअरलाइन्सचं सगळं आरक्षण 1964 पर्यंत ‘सेबर’ या संगणक प्रणालीवर आलं होतं. 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण सुटू लागलं आणि नवा पेच उभा राहिला: उरलेली जागा आज सवलतीत विकायची, की ऐनवेळी पूर्ण भाडं मोजणाऱ्या प्रवाशासाठी राखायची? कंपनीनं जुन्या बुकिंगवरून अंदाज बांधायचे आणि त्यातून निघालेली सवलतीच्या जागांची मर्यादा थेट आरक्षण यंत्रणेत घालायची, असा शिरस्ता बसवला. यातून तीन वर्षांत 1.4 अब्ज डॉलरचा फायदा झाल्याचं कंपनीच्याच तज्ज्ञांनी 1992 मध्ये लिहिलं. म्हणजे खतावणीतला निष्कर्ष पुन्हा रोजकीर्दीत शिरला होता. वह्या मात्र अजून दोनच होत्या.

त्या एक का होत नव्हत्या? अडचण नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत होती. तिकिटाच्या नोंदीत पीएनआर, नाव, वय, गाडी, डबा, बर्थ, भाडं असं बरंच काही असतं. तिकीट काढताना ही अख्खी ओळ एका जागी हवी. अधिकाऱ्याला मात्र लाखो ओळींतला भाड्याचा एकच रकाना हवा असतो. डिस्कवर ओळी सलग मांडल्या तर त्याच्यासाठी नावं, वयं, सगळंच उचलावं लागतं. रकाने सलग मांडले तर एका तिकिटासाठी दहा ठिकाणी लिहावं लागतं.

मेमरी स्वस्त झाली तसं हे गणित बदललं. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक हासो प्लाटनर यांनी 2009 मध्ये सगळं मेमरीत, रकान्यांनी मांडून दोन्ही कामं एकाच डेटाबेसवर करावीत असा प्रस्ताव मांडला. सॅपचा ‘हाना’ हा डेटाबेस त्याच वाटेवरचा. गंमत अशी की, हानातही नव्या नोंदी आधी लिहायला सोप्या अशा छोट्या भागात पडतात आणि अधूनमधून दाबून बसवलेल्या मुख्य साठ्यात मिसळल्या जातात. रोजकीर्द काही सुटली नाही, फक्त त्याच वहीत आली.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अल्फोन्स केम्पर आणि थॉमस नॉयमान यांनी 2011 मध्ये ‘हायपर’ या आपल्या डेटाबेससाठी आणखी चलाख युक्ती वापरली. मोठा प्रश्न आला की ऑपरेटिंग सिस्टिमकडून चालू प्रक्रियेची जुळी प्रत काढून घ्यायची. प्रत्यक्षात सुरुवातीला काहीच उतरवलं जात नाही. एखाद्या व्यवहारानं मेमरीचं पान बदललं, तर तेवढ्याच पानाची प्रत होते. प्रश्न त्या क्षणाचं थिजलेलं चित्र वाचतो, विक्री पुढे चालू राहते. अशा जोडप्रणालींना ‘गार्टनर’ या सल्लागार कंपनीनं 2014 मध्ये ‘एचटॅप’ हे नाव दिलं.

आता पुन्हा रेल्वेकडे येऊ. भारतीय रेल्वेनं 9 सप्टेंबर 2016 पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला फ्लेक्सी भाडं लावलं. दर दहा टक्के बर्थ विकले गेले की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढणार, काही वर्गांत दीडपटीपर्यंत. ही गणती तिकीट विकतानाच होते, त्यात रात्रभर थांबण्याचा प्रश्नच नाही. पण चढ्या भाड्यानं प्रवासी दुरावताहेत का, हे कळायला महिनोन्‌महिन्यांचे आकडे लागतात, आणि ते कळल्यावर फाइल हलावी लागते. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस रेल्वेनं निम्म्याहून जास्त रिकाम्या धावणाऱ्या 15 गाड्यांमधून ही पद्धत काढून टाकायचं आणि दीडपटीची कमाल मर्यादा 1.4 पटीवर आणायचं जाहीर केलं. मधली दोन वर्षं यंत्र नेमून दिलेला नियम बिनबोभाट राबवत होतं.

पुढच्या लेखांकात: कार्ड खरं की चोरीचं, हे बँक क्षणात कसं ओळखते.