धुरंधरांची पुस्तकचित्रे

चित्रकाराने मोबदला घेऊन पुस्तकासाठी किंवा बाजारासाठी काढलेल्या चित्राला त्याच्या प्रदर्शनातील चित्रापेक्षा खालच्या पायरीवर बसविण्याचा प्रघात आपल्याकडे इतका रुळला आहे, की ज्यांनी दोन्ही क्षेत्रांत सारख्याच निष्ठेने काम केले त्यांच्या निम्म्या कर्तृत्वाची दखलही कोणी घेत नाही. १८९१ साली तूलूझ-लोत्रेकने 'मूलां रूज' या नृत्यगृहासाठी केलेले भित्तिपत्रक पॅरिसच्या भिंतींवर झळकले, आणि आज ते फ्रेंच कलेचे भूषण मानले जाते. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या अशाच कामगिरीचे मोल मात्र आपण अजून पुरते केलेले नाही.

धुरंधरांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना लाभले, पुढे त्याच कलाशाळेत ते अध्यापक झाले आणि १९३१ साली सेवानिवृत्त झाले. या प्रदीर्घ काळाचा वृत्तांत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. दरबारी आणि सरकारी कामांचा व्याप सांभाळूनही त्यांनी मुंबईतील लोकजीवनाची रंगीत पोस्टकार्डे रंगविली, एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकाला १९१२ साली चित्रांची जोड दिली, आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे काढली. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९३५ साली, म्हणजे धुरंधरांच्या निवृत्तीनंतर. तेव्हा या विद्येचा अभ्यासक्रम आखला जाण्यापूर्वीच त्यांनी तिचे कसब स्वतःच्या हातांनी सिद्ध केले होते.

हे कसब सामान्य नव्हे. प्रदर्शनातील तैलचित्रासमोर प्रेक्षक निवांत उभा राहतो. पुस्तकातले चित्र मात्र वीतभर जागेत, लेखकाच्या मजकुराशी इमान राखून, छपाईत रंगांचे बारकावे हरवले तरी उभे राहील असे रचावे लागते. धुरंधरांची भिस्त म्हणूनच रेषेवर होती. त्यांनी रंगविलेली मुंबईची कोळीण पाहावी: तिची जात आणि तिचा धंदा लुगड्याच्या काष्ट्यावरून, उभे राहण्याच्या ऐटीवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून आपोआप कळतो. वेशभूषेचा असा चोख तपशील लिखित दप्तरांत क्वचितच आढळतो, आणि त्या काळच्या समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही चित्रे अस्सल साधनासारखी उपयोगी पडतात.

किंकेड यांनी इंग्रजीत सांगितलेल्या, १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी कहाण्यांच्या पुस्तकाचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. शंकराचा गाभारा दुधाने भरू पाहणारा राजा, आणि मुलाबाळांना व वासरांना तृप्त करून उरलेले चार थेंब वाहणारी म्हातारी, ही आपली सोमवारची कहाणी त्यात आहे, आणि पुस्तकाची चित्रे धुरंधरांची आहेत. बंगळुरात आमच्या जे. पी. नगरात जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांची मुले घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. आटपाट नगराची ओळख त्यांना करून देण्यास याहून सोयीचे पुस्तक मला ठाऊक नाही.

धुरंधर १९४४ साली निवर्तले आणि त्यांच्या चित्रांवरील स्वामित्वहक्काची मुदत आपल्या देशात २००४ अखेर संपली. ही चित्रे पुन्हा छापण्यास आता कोणाच्या परवान्याची गरज उरलेली नाही. मराठी प्रकाशकांनी आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांनी मनावर घेऊन, कहाण्यांच्या मूळ मराठी पाठासह, ती मुलांच्या हाती द्यावीत.