थर्मामीटर ते मोबाईल

काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची कैफियत १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आली होती. बाबासाहेबांनी ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवली. त्याच्या बाळंतीण बायकोला श्वास लागला होता. दोन रुपये फी घेणारा डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. तान्ह्या लेकरासह तिला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने तिच्या. डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला, औषध पाठवले. पुन्हा बघायला मात्र नकार दिला. ती माऊली गेली.

दुरून उपचार आम्हाला असे जुनेच ठाऊक आहेत! म्हणून २०१९ साली सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’चे गोडवे ऐकून आम्ही हुरळून जात नाही. नाकारतही नाही. तज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या खेड्यात पडद्यावरून का होईना, सल्ला मिळतो. पण बाळंतिणीचा रक्तदाब पडद्यावरून मोजता येत नाही, आणि तो बाळंतपणानंतरही वाढतो, झटके येतात. दंडाला पट्टा बांधायला माणूसच लागतो. दवाखान्यात प्रसूती झाली तर आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचे असते. तिच्या हाती रक्तदाबाचे यंत्र द्या, मग डॉक्टरला फोन लावा.

आणि बीडची ऊसतोड बाई? आशाताई गावात, ही तान्हे घेऊन परजिल्ह्यातल्या फडावर. इथे फोनचा खरा उपयोग आहे. पण ‘हात लावून तपासावे लागेल’ असे डॉक्टर म्हणाला, तर गाडी फडातल्या कोपीपर्यंत येणार का? आरोग्य खात्याने हे आधी लेखी सांगावे.