पहिल्या रांगेतला ढोल

राजगडाच्या पायथ्याचं पाली गाव ट्रेकर मंडळींना ठाऊक असतं ते पाली दरवाजामुळे. वेल्हे, भोर, मुळशीच्या या पट्ट्याची पुणेकरांना आणखी एक ओळख आहे, ती ढोल-लेझमाची. शहरात पथकं फोफावण्याआधी विसर्जन मिरवणुकीत घुमायचे ते गावाकडचे ढोल. पुढे ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि या शाळांची पथकं उभी राहिली. आज ढोल-ताशा पथकांत कॉलेजच्या मुलामुलींचा मोठा भरणा असतो.

ही मुलं कशासाठी वाजवतात? कमरेला करकचून बांधलेला ढोल, सोललेले तळवे, बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी, एवढं तर हमखास पदरात पडतं. एलियट आणि मॅकग्रेगर या मानसशास्त्रज्ञांनी २००१मध्ये विद्यार्थ्यांच्या ध्येयांचे चार प्रकार मांडले. ठेका पक्का बसवायचा, ही एक ओढ. इतरांपेक्षा सरस ठरायचं, ही दुसरी. दोन्हींना भीतीचीही बाजू असते: बसलेला हात बिघडू नये आणि चारचौघांत हसं होऊ नये.

यातली शेवटची भीती पथकात ओळखू येत नाही. पन्नास ढोलांत एखादा चुकण्याच्या धास्तीने टिपरू हलकंच टेकवत राहिला, तरी कुणाला कळत नाही. तो चुकत नाही आणि शिकतही नाही. ताशाला ही सोय नाही. ताशेवाला अडखळला की अख्खी रांग विस्कटते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत निदान गुण मिळतात. पथकात गुण नाहीत, म्हणून चढाओढही नाही, असं पालकांना वाटतं. खोटं आहे ते! मानाच्या गणपतीपुढे कोण वाजवणार, पहिल्या रांगेत कोण, ही यादी व्हॉट्सॲपवर पडली की कुणाचा चेहरा उतरतो ते पाहावं. गावच्या जत्रेत अशी यादी नसते. थोरल्यांशेजारी उभं राहून पोरगं हात उचलतं. अर्थात दोन गावं समोरासमोर आली की ईर्ष्या तिथेही पेटतेच.

माझ्या मते, ईर्ष्येपेक्षा दडून राहण्याची सवय जास्त घातक. सरावात रांगा रोज फिरवाव्यात, नवख्यांना चार-चारच्या गटात वाजवायला लावावं, अधूनमधून त्यांच्या हाती ताशाही द्यावा. मिरवणुकीची यादी मात्र टळणार नाही. लक्ष्मी रस्ता तेवढा रुंद नाही.