खाऱ्या पाण्याचे गोड गैरसमज

पेणच्या मामांनी आयुष्यभर मिठागर केलं. गेल्या वर्षी ते घरी आले तेव्हा बाल्कनीच्या दाराशी मिठाची मोठी बादली ठेवलेली होती, समुद्री फिशटँकसाठी मिळते तसली, परदेशी बनावटीची. "किलोला काय पडलं?" त्यांनी विचारलं. मी खरा आकडा सांगितला. मामा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, आधी सांगायचंस ना. दोन गोणी धाडल्या असत्या."

प्रवाळांचा टँक, म्हणजे हौशी मंडळी ज्याला रीफ टँक म्हणतात तो, लावायचा विचार घरात कळला की असे सल्ले चहूकडून येतात. देणारे आपलेच असतात आणि मनापासून देतात. म्हणूनच ते खोडताना जरा जड जातं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याच धंद्यात सापडलं.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपलं खाण्याचं मीठ, सोडियम क्लोराइड, 27 ग्रॅमच्या आसपास. बाकीच्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि इतर बरंच काही. मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतं, मग मीठ धरतं. मीठ ओढून घेतलं की मॅग्नेशियमने भरलेलं कडू पाणी उरतं, ते बाहेर सोडतात. म्हणजे गोणी भरेपर्यंत त्या मिठातलं बरंचसं कॅल्शियम आधीच गेलेलं असतं आणि मॅग्नेशियम नंतर. प्रवाळाला सांगाडा बांधायला नेमकं हेच लागतं: लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1,300 च्या आसपास मॅग्नेशियम. हे सगळं ऐकल्यावर मामाच म्हणाले, "म्हणजे आम्ही सोडून देतो ते पाणी तुझ्या कामाचं!"

आता मिठाचा हिशेब. 200 लिटरच्या टँकला पहिल्या भरणीत सात किलोच्या वर मीठ जातं. पुढे दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदलायचं म्हटलं तर पाऊण किलोच्या जवळपास. हा खर्च दर महिन्याचा आहे. काचेसारखा एकदाचा नाही.

"समुद्र दहा मिनिटांवर आहे, पाणी तिथूनच आणा की"

मुंबईत हे हमखास ऐकावं लागतं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, बोटींचं तेल असतं. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं पाणी मिसळून त्याचा खारेपणाही उतरतो. शिवाय 200 लिटर पाणी कॅनमधून तिसऱ्या मजल्यावर चढवणं हे एकदा करून बघाच, दुसऱ्यांदा करणार नाही.

मग नळाचं? त्यात क्लोरीन असतं, ठिकठिकाणी फॉस्फेट आणि तांबंही असतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपल्याकडे चांगलं मानतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. "आमच्याकडे आरओ आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा पन्नास-साठ दिसतो. रीफसाठी तो शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे रेझिनची आणखी एक नळी लावावी लागते. तिला डीआय म्हणतात.

"पहिलाच आहे, छोटा घेऊ"

नवख्याला हा विचार शहाणपणाचा वाटतो आणि नेमका तोच त्याला बुडवतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. 20 लिटरच्या टँकमधून दिवसाला एक लिटर पाणी उडालं की खारेपणा 35 वरून जवळजवळ 37 वर जातो. 200 लिटरमधून तेवढंच उडालं तर तो 35.2 च्याही खाली राहतो. रीफवरच्या जिवाला सहसा असा हेलकावा माहीत नसतो. लहान टँकमध्ये तो रोज बसतो, आणि दोन दिवस गावाला गेलात तर विचारूच नका. जागा आणि खिसा परवानगी देईल तेवढा मोठा घ्या. 150 ते 200 लिटरपासून सुरुवात केलीत तर चुका पचतात.

याच्याच पोटातला आणखी एक गैरसमज: पाणी कमी झालं की वरून मिठाचं पाणी घालायचं. घालायचं ते साधं, शून्य टीडीएसचं. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे आली ते बघायचं. मुलांना हे काम फार आवडतं, आमच्याकडे आता तेच करतात.

"पाणी आरशासारखं झालंय, सोडा मासे"

हे मला एका दुकानात सांगितलं गेलं, टँक भरून दहा दिवस झाले होते तेव्हा. दोन क्लाउनफिश पिशवीतून घेऊन आलो. संध्याकाळपर्यंत दोघेही वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पातळीशी तोंड लावून, कल्ले भराभर हलताहेत. टेस्ट किट कपाटात होतं, सीलबंद. ते तेव्हा फोडलं. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, थेंब मोजून घातले. जे पिवळं राहायला हवं होतं ते बघता बघता पोपटी झालं आणि पाच मिनिटांत गर्द हिरवं. अमोनिया. रात्री अकरा वाजता बादलीत मीठ कालवत बसलो होतो. एकच वाचला. दोष निम्मा दुकानदाराचा आणि निम्मा त्या न फोडलेल्या किटचा, म्हणजे माझाच.

पाण्याचा नितळपणा आणि पाण्याची तयारी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट. ही मंडळी खडकांच्या छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1 ते 8.3, त्यामुळे तेवढाच अमोनिया गप्पींच्या टँकपेक्षा इथे जास्त विषारी ठरतो. तेव्हा आधी मासे न घालता, बाहेरून थोडा अमोनिया देऊन, तो दिवसभरात शून्यावर येतोय का ते मोजायचं. नायट्राइटही शून्य झालं की मगच पहिला मासा, तोही एकच किंवा जोडी.

त्यानंतर खडकांवर तपकिरी थर बसतो, मग हिरवं केसाळ शेवाळ येतं. इथे बरेच जण खचतात, सगळं उपसून पुन्हा धुतात आणि घड्याळ परत शून्यावर आणतात. तपकिरी थर बहुधा डायटमचा असतो. नव्या टँकला तो येतोच आणि आपणहून ओसरतो. गोगलगायी सोडा, खाणं कमी करा आणि दम धरा.

उपकरणांबद्दल थोडक्यात. काचेला लटकवायचा गोड्या पाण्याचा फिल्टर पुरत नाही. खडक आणि फेसाबरोबर घाण वर काढणारा स्किमर यांवर भिस्त ठेवा. टँक खिडकीत ठेवू नका, ऊन शेवाळाला पोसतं. निळा दिवा शोभेचा नसतो, त्याचं कारण पुढे येईल. आणि मुंबई-कोकणात हीटरपेक्षा थंडाव्याची चिंता जास्त. पाणी 24 ते 27 अंश हवं. मे महिन्यात खोलीच 32 वर असते आणि पंप वरून ऊब देतात. पंखा मारून पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण पावसाळी दमट हवेत तो फारसा चालत नाही. मग चिलर, आणि तोही बंद खोलीत नको, नाहीतर पाणी गार आणि माणसं घामाघूम. वीज गेली तर काय, याचं उत्तर बॅटरीवरच्या हवेच्या पंपाच्या रूपाने आधीच तयार ठेवा.

"प्रवाळ म्हणजे रंगीत दगडच ना?"

किंवा झाड. अंगठीत पोवळं घालणाऱ्या आपल्या समाजात हा गैरसमज मुरलेला आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे तोंड, भोवती शुंडकं आणि खाली पोट. दिवे मंदावल्यावर आमच्या टँकमधल्या मऊ प्रवाळाकडे भिंग घेऊन पाहिलं तर मिठाच्या कणाएवढी कोळंबीची पिल्लं ते एकेक करून आत घेताना दिसतं. पण रीफवरच्या बहुतेक प्रवाळांचं पोट मुख्यतः भरतं ते त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे. ते शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं. खोल पाण्यात पोचतो तो मुख्यतः निळा प्रकाश, म्हणून दिवा निळा. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या रीफवर 1998, 2010 आणि 2016 साली हेच झालं. घरच्या टँकमध्ये त्यासाठी एक बंद पडलेला चिलर पुरतो.

प्रवाळं फक्त अंदमान-लक्षद्वीपला असतात, हेही खरं नाही. मालवणला आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामाआधी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे हलवावी लागली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण लगेच मनात येतं की ओहोटीला जाऊन एखादा तुकडा आणू. आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळी कठीण, रीफ बांधणारी प्रवाळं आहेत, समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडेही 2001 पासून संरक्षित आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच किनाऱ्यावरच्या त्या खरबरीत गोळ्याला. मेलेला सांगाडाही बाळगता येत नाही. "इम्पोर्टेड आहे साहेब" हा काही परवाना नव्हे. परदेशी संरक्षित प्रजाती पाळणाऱ्यांना आता परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. तेव्हा दुकानात आधी शास्त्रीय नाव विचारा, मग कागद मागा, आणि शंका आली तर वन विभागाला विचारा.

परदेशी पुस्तकं वाचून आलेल्यांची इथे पंचाईत होते. जकार्ताच्या ली चिन इंग यांनी 1961 साली समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवायची पद्धत मांडली आणि जगभरचे रीफ टँक त्याच वाटेने गेले. आपल्याकडे समुद्रातून असा खडक उचलणं म्हणजे बहुधा प्रवाळाचा सांगाडाच उचलणं. सिरॅमिकचे कृत्रिम सच्छिद्र खडक घ्या. जिवाणू ते कोणी घडवले हे विचारत नाहीत, फक्त वस्ती बसायला थोडा जास्त वेळ घेतात.

मऊ प्रवाळांबद्दल एक धोक्याची सूचना. झोअँथिड नावाची बटणांसारखी रंगीत प्रवाळं नवख्याला आधी सुचवली जातात, कारण ती चिवट असतात. त्यांच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. "खडक उकळून निर्जंतुक करतो" म्हणून गॅसवर ठेवलेल्या पातेल्याच्या वाफेने अख्खी कुटुंबं इस्पितळात गेल्याच्या नोंदी आहेत. खडक उकळायचा नाही, कधीच. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापाकापी करायची.

"निमोला त्याचं घर द्यायला नको?"

2003 च्या त्या सिनेमानंतर हा प्रश्न प्रत्येक घरातलं मूल विचारतं. क्लाउनफिशला, म्हणजे निमोला, टँकमध्ये समुद्रफुलाचं घर लागत नाही. त्याशिवाय तो सुखाने राहतो आणि अंडीही घालतो. उलट समुद्रफूल हे नाजूक आणि चालणारं प्रकरण. रात्री ते फिरत फिरत पंपाच्या तोंडाशी गेलं तर सकाळी सगळा टँक खराब. पहिलं वर्ष त्याचं नावही काढू नका. आणि डोरी, तो निळा मासा, दुकानात दोन इंचांचा असतो, वाढून फूटभराचा होतो. त्याला सहा फुटांचा टँक हवा.

क्लाउनफिश मात्र पैदास केलेलाच मागा. आपल्याकडे सरकारी मत्स्य संशोधन संस्थांनी त्याची पैदास साधली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही त्याची हॅचरी आहे. असा मासा कोरडं खाणं लगेच घेतो, जाळ्यात धरून आणलेला बरेचदा घेत नाही.

शेवटचा गैरसमज सर्वांत भाविक आहे: जमलं नाही तर समुद्रात सोडून देऊ, पुण्यच लागेल. आपल्या हिंद आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणाच्या तरी टँकमधून सुटलेला. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे, तिथल्या रीफवरची माशांची पिल्लं फस्त करतो, आणि त्याला खाणारं तिथे फारसं कोणी नाही. टँक मोडायची वेळ आलीच तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या, दुकानात परत द्या. खाडीत सोडू नका.