स्वमग्न मुलाची रात्र

रात्रीचे दोन वाजले तरी दिवा जळत असतो, चार वर्षांचे मूल खोलीत येरझारा घालीत असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला शेजारीपाजाऱ्यांकडून जे सल्ले ऐकावे लागतात त्यांत, तान्हेपणीच त्याला नीट निजवण्याचे वळण लावले असते तर ते स्वमग्न झाले नसते, हा आरोप कुठे ना कुठे दडलेला असतोच.

या आरोपाचा फैसला आधी व्हावयास हवा. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून तिचा पाया बहुतांशी आनुवंशिक आणि पुष्कळसा जन्मापूर्वीच घातला गेलेला असतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेतील अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर आईच्या मायेतील उणिवेला दोष देणारे मत तेथे दीर्घकाळ रूढ राहिले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली ते साधार खोडून काढले. निकालात निघालेली ती फिर्याद आज झोपेच्या निमित्ताने पुन्हा आईवरच गुदरावी, हे मला अन्यायाचे वाटते. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या काही बालकांना पहिल्या वर्षातच झोप लागणे कठीण जाते, असे २०२० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले खरे. परंतु आधी दिसलेली गोष्ट म्हणजे कारण, असा दाखला त्यातून मिळत नाही.

दुसरा समज हट्टाचा. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० ते ८० टक्के मुलांना झोपेची तक्रार असल्याचे निरनिराळ्या पाहण्या सांगतात. एवढी मुले केवळ हट्टापायी जागत असतील, हे संभवत नाही. अंधार पडताच देहाला रात्रीची वर्दी देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक यांतील अनेकांच्या शरीरात कमी आढळले आहे. इतरांच्या कानी न पडणारा पंख्याचा खरखराट किंवा कपड्याची शिवण त्यांना असह्य होते. आणि बद्धकोष्ठ, घशाशी येणारे आम्ल, अपस्मार, निद्रेतील श्वासरोध, लोहाच्या कमतरतेने होणारी पायांची तळमळ, यांपैकी काहीही मागे असू शकते. ज्या मुलाला ‘पोट दुखते’ एवढे दोन शब्द उच्चारता येत नाहीत, त्याची कैफियत त्याचे जागरणच मांडीत असते, म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी.

सर्दीचे गुंगी आणणारे औषध परस्पर पाजणे हा इलाज नव्हे. काही मुले त्याने उलट अधिकच चाळवतात. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली क्रम मुक्रर केला तो असा: आधी अंगभूत व्याधींवर उपचार, त्याबरोबर निजण्याउठण्याची ठराविक वेळ व रोजचा तोच शांत परिपाठ, आणि त्याने भागले नाही तर वैद्यांच्या देखरेखीखाली मेलॅटोनिन. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२५ मुलांना तेरा आठवडे औषध वा तद्वत दिसणारी निष्क्रिय गोळी दिली, तेव्हा औषध घेणाऱ्यांची झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली, इतरांची नऊ मिनिटांनी. झोप सुधारल्याने स्वमग्नता जात नाही. चिडचीड मात्र पुष्कळदा ओसरते, आणि आईबापांनाही विसावा मिळतो.

राहता राहिली झोपेसाठी सुचवली जाणारी वजनदार गोधडी. २०१४ सालच्या ६७ मुलांच्या प्रयोगात तिने झोप वाढली नाही. तरीही मुलांनी व पालकांनी साध्या पांघरुणापेक्षा तीच पसंत केली. तेव्हा ज्या मुलाला तो भार सुखाचा वाटतो आणि ज्याला ती स्वतःहून दूर सारता येते, त्याच्या अंगावर ती खुशाल घालावी.