कुठली पळ्ळी?

लेखमाला : लहान संग्रहालयं (लेखांक ७)

उत्तर परावूरला उतरून रिक्षावाल्याला ‘चेन्नमंगलमची पळ्ळी’ एवढंच सांगितलं, तर तो आधी विचारतो, कुठली? प्रश्न रास्त आहे. मल्याळममध्ये चर्च म्हणजे पळ्ळी, मशीद म्हणजे पळ्ळी आणि यहुद्यांचं सिनेगॉग म्हणजेही पळ्ळीच. हवं तर पुढे ‘जूत’ लावायचं, की झाली जूतप्पळ्ळी. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. कोकणातल्या यहुद्यांनी, म्हणजे बेने इस्रायलांनी, मुंबईत मांडवीला १७९६ साली आपलं पहिलं प्रार्थनाघर बांधलं, त्याला तेही ‘मशीद’च म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. देवघर कुणाचंही असो, लोक जवळचा शब्द उचलतात. चेन्नमंगलमला तर शब्दाबरोबर सुतारही जवळचाच उचलला होता. या इमारतीत पाहायचं ते तेच.

मात्र इथे येणारे कमी. केरळातले यहुदी म्हटलं की पावलं कोचीच्या मट्टांचेरीकडे वळतात. १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग, पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, गल्लीभर मसाल्याची दुकानं. ते पाहावंच. पण ‘परदेशी’ या नावातच सगळं आलं. स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेले आणि पश्चिम आशियातून व्यापाराला आलेले यहुदी सोळाव्या शतकापासून कोचीत स्थिरावले, त्यांचं ते सिनेगॉग. त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे असलेले, संख्येनेही जास्त असलेले, ते मलबारी यहुदी. विसाव्या शतकात केरळात आठ सिनेगॉगं होती. त्यांतलं एक परदेशींचं, बाकीची सात मलबारींची. दोन्ही गटांत रोटीबेटी नव्हती. त्यातही ज्यांना मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज ठरवलं गेलं, त्यांना परदेशी सिनेगॉगात बरोबरीची जागा नव्हती. त्या अन्यायाविरुद्ध ए. बी. सालेम या वकिलाने सिनेगॉगातच सत्याग्रह केला. लोक त्याला ‘यहुदी गांधी’ म्हणत. जातीची आपली सवय कुठवर झिरपते, याचा याहून लखलखीत दाखला मला ठाऊक नाही.

चेन्नमंगलमची पळ्ळी मलबारींची. गाव पेरियारच्या फाट्यांनी वेढलेलं, कोडुंगल्लूरच्या जवळ. प्राचीन मुझिरिस बंदर याच टापूत कुठेतरी होतं. १३४१ च्या महापुराने इथलं बंदर गाळाने भरलं आणि खाली कोचीचं मुख उघडलं असं मानतात. व्यापार तिकडे सरकला, माणसंही सरकली. चेन्नमंगलमला पालियत्त अच्चन हे कोचीच्या राजांचे वंशपरंपरागत प्रधान राहत, आणि यहुद्यांना त्यांचा आश्रय होता. देऊळ, चर्च, मशीद आणि सिनेगॉग इथे हाकेच्या अंतरावर आहेत. चारही ठिकाणचे आवाज एकाच वेळी ऐकू यायचे, हे वाक्य प्रत्येक वाटाड्या म्हणतो. ते इतकं गुळगुळीत झालंय की मी आता कान देत नाही. इमारत जास्त बोलते.

भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा, उतरत्या छपरावर कौलं. कोकणातून आलेल्याला क्षणभर वाटतं, ओळखीच्या वाड्यातच शिरतोय. पण रचनेचा क्रम ठरलेला असतो. आधी बाहेरचं दार, मग मोकळं अंगण, मग ‘अझारा’ म्हणजे ओसरी, आणि मगच मुख्य दालन. रस्त्यावरून थेट देवापुढे नाही, टप्प्याटप्प्याने आत. केरळच्या देवळातही माणूस असाच जातो. चपला बाहेर काढण्याची चालही इथल्या यहुद्यांनी पाळली.

दालन दुमजली उंचीचं. पश्चिमेच्या भिंतीशी कोरीव, रंगवलेलं लाकडी कपाट आहे, त्याला ‘हेखाल’ म्हणतात. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, चामड्यावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या त्यात ठेवत. पश्चिमेला का? जेरुसलेम तिकडे. युरोपातलं सिनेगॉग पूर्वेला तोंड करतं, आपल्याकडचं पश्चिमेला. दालनाच्या मधोमध कठड्याचा उंच ओटा, ‘तेबा’. त्यावर उभं राहून वाचन होई. मान वर केली की छताच्या लाकडी चौकटींतून रंगीत कमळं दिसतात. यहुदी धर्मात मूर्ती नाही; पण कमळाला कोण हरकत घेणार? सुताराला जे येत होतं ते त्याने केलं, आणि यजमानांनाही ते आपलंच वाटलं.

आता माडीकडे पाहा, कारण ही गोष्ट केरळाबाहेर सापडत नाही. दालनावर डोकावणाऱ्या सज्जात दुसरा तेबा आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आणि सणासुदीला तोराचं वाचन खालून नव्हे, या वरच्या ओट्यावरून होई. आणि त्याच्या लगेच मागे, लाकडी जाळीच्या आड, बायकांची जागा. त्यांचा जिना वेगळा. दुसरीकडे बायका लांब मागे बसतात आणि शब्द त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत पुसट होतात. इथे आठवड्याचं मुख्य वाचन त्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर. जाळी होतीच, तिचं कौतुक नको. पण कान मोकळे होते.

त्या कानांचं काय झालं, ते वह्यांत सापडतं. केरळच्या यहुदी बायकांनी मल्याळममध्ये गाणी रचली. लग्नाची, सणांची, बायबलातल्या कथांची. ती हाताने वह्यांत उतरवून आईकडून लेकीकडे गेली. पुरुषांसमोर बाईने गाऊ नये असा दंडक पुष्कळ यहुदी समाजांत आहे. इथे त्या पुरुषांदेखत गात. मला आपल्या बेने इस्रायलांची कीर्तनं आठवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अब्राहम आणि योसेफ यांची आख्यानं मराठी कीर्तनात लावली, साकी-दिंडीसकट. शास्त्र हिब्रूत, पण कथा आईच्या भाषेत, हे दोन्ही किनाऱ्यांवर सारखंच.

संग्रहालय म्हणून इथे वस्तू फारशा नाहीतच. १९५० च्या दशकात बहुतेक मलबारी यहुदी इस्रायलला गेले. छळ झाला म्हणून नव्हे. श्रद्धा होती, नवं राष्ट्र उभं राहिलं होतं, आणि शेजारीपाजारी निघाले की मागे राहणं जड होतं. तिकडे नेवातीम, मेसिलात झियोन अशा शेतीवस्त्यांत व्यापाऱ्यांच्या मुलांना जमीन कसायला लागली. इकडे पळ्ळी रिकामी राहिली. दुरुस्तीनंतर २००६ साली ती प्रदर्शन म्हणून उघडली. मांडणी शाल्वा वाइल या संशोधिकेची. बेने इस्रायलांवरचं त्यांचं काम मराठी वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. भिंतीवर मजकुराचे नि छायाचित्रांचे फलक आहेत. ते वाचायला अर्धा तास पुरतो. दालनात नुसतं उभं राहायला त्याहून जास्त द्या.

अंगणात एक दगड उभा आहे, त्याच्यापाशी वाका. त्यावर हिब्रूत एका बाईचं नाव आहे : सारा, इस्रायलची मुलगी. साल येतं १२६९. भारतात सापडलेला हा सर्वांत जुना हिब्रू कोरीव लेख मानतात. म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता, तेव्हा या किनाऱ्यावर कुणीतरी एका यहुदी बाईची कबर अक्षरं कोरून राखली. राजाची नाही, धर्मगुरूची नाही, एका मुलीची.

कोकणाशी या किनाऱ्याचं नातं नुसतं जांभ्याचं नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले शनवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल, शब्बाथ पाळत होते, सुंता करत होते, पण हिब्रू ग्रंथ त्यांच्या हातून सुटले होते. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवायला कोचीहून शिक्षक आले. त्याआधी एक फेरी उलट्या दिशेची झाली होती. मांडवीचं ते पहिलं प्रार्थनाघर बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत राहून आले होते. घर उभं राहिलं, पण हेखालात ठेवायला तोराच्या गुंडाळ्या हव्यात. त्या आणायला ते कोचीला गेले. १७९७ साली तिथेच वारले.

पुढच्या आठवड्यात इथून जवळच, परावूरच्या पळ्ळीत. तिथलं मूळ हेखाल आता जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे, आणि परावूरच्या भिंतीशी दिसतं ते नव्याने घडवलेलं.